मराठी शिकणाऱ्या प्रौढांचा एक वर्ग: उजळणीचे ॲप, व्हॉइस टायपिंग आणि प्रत्यक्ष बोलणे

हा अभ्यास एका ऑनलाइन वर्गाचा आहे. कामाच्या निमित्ताने महाराष्ट्रात आलेली आणि मराठी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकणारी प्रौढ माणसे या वर्गात होती. वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी भरत असे. बहुतेकांची पहिली भाषा हिंदी होती, काहींची बंगाली आणि मोजक्यांची तमिळ. हा तपशील आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे आलेल्या अडचणी या तीन गटांत एकसारख्या नव्हत्या, मात्र वर्गात वापरलेली साधने सर्वांना एकाच मापाने मोजत होती.

शिक्षिका अनुभवी होत्या आणि तंत्रज्ञानाविषयी त्यांना भीतीही नव्हती, भाबडा उत्साहही नव्हता. आठवड्यातील दोन बैठकींत भाषा मुरत नाही, मधल्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या हाती काहीतरी असले पाहिजे, हा त्यांचा विचार रास्त होता. म्हणून त्यांनी दोन गोष्टी ठरवून दिल्या. शब्दसंपत्तीसाठी टप्प्याटप्प्याने उजळणी करून घेणारे आंकी हे मोफत ॲप रोज वापरायचे आणि उच्चारासाठी फोनच्या कीबोर्डवरील व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी वाक्ये बोलून ती बरोबर उमटतात का ते पाहायचे. सत्राच्या मध्यावर एक अडचण स्पष्ट दिसू लागल्यावर त्यांच्या विनंतीवरून मी वर्गाचे निरीक्षण केले, विद्यार्थ्यांची कार्डे तपासली आणि पुढील बदल त्यांच्यासह आखले.

चाचणीत ऐकू आलेली मराठी

मध्यसत्राच्या तोंडी चाचणीत प्रत्येकाने काल दिवसभरात काय केले ते दोन मिनिटे सांगायचे होते. ॲपमधील आकडे उत्तम होते. एखाद्या कार्डाच्या दोन उजळण्यांमधील अंतर २१ दिवसांपर्यंत किंवा त्यापुढे गेले की आंकी ते कार्ड परिपक्व मानते, आणि नियमित विद्यार्थ्यांची शेकडो कार्डे त्या अवस्थेला पोहोचली होती. तरीही बोलताना ऐकू आली ती वाक्ये अशी होती: ‘मीने चिठ्ठी लिहिला’, ‘मी घरमध्ये होतो’, ‘रस्तावर गर्दी होती’, ‘भिंतवर चित्र आहे’. चिठ्ठी, घर, रस्ता, भिंत हे सारे शब्द विद्यार्थ्यांच्या परिपक्व कार्डांत होते. शब्द आठवत होता, परंतु वाक्यात शिरताना त्याने जे रूप घ्यायला हवे ते घेत नव्हता.

या निकालाचे दोन सोपे अर्थ लावले गेले आणि दोन्ही मला अपुरे वाटले. पहिला, विद्यार्थी मन लावून अभ्यास करत नाहीत, हा ॲपमधील रोजच्या नोंदींनीच खोटा ठरवला. दुसरा, ॲपने भाषा येत नाही म्हणून ते बंद करावे, असे शिक्षिकेच्या काही सहकाऱ्यांचे मत होते. पण ॲपने त्याला सांगितलेले काम चोख केले होते. ते काम कोणते सांगितले गेले, हे पाहणे आधी गरजेचे होते.

कार्ड नेमके काय विचारत होते

उजळणीमागचे शास्त्र जुने आणि भक्कम आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून विस्मरणाचा वेग मांडला. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कार्डांच्या पेट्यांची रीत लोकांपुढे ठेवली: आठवलेले कार्ड पुढच्या पेटीत जाते आणि उशिरा समोर येते, विसरलेले कार्ड पहिल्या पेटीत परत येते. २००६ साली आलेले आंकी हेच काम संगणकाकरवी करते आणि दीर्घकाळ ते पिओत्र वोज्नियाक यांनी १९८७ साली तयार केलेल्या गणनपद्धतीच्या आधारावर चालत आले. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने ज्ञान अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत दिसले. लगेच चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले होते.

मात्र यात एक अट अध्याहृत आहे. जे आठवले जाते तेच पक्के होते. मॉरिस, ब्रॅन्सफर्ड आणि फ्रँक्स यांनी १९७७ साली दाखवले होते की शिकताना मन ज्या प्रकारचे काम करते, त्याच प्रकारच्या कामाची परीक्षा असेल तर स्मरण चांगले ठरते, काम बदलले की तो लाभ ओसरतो. या वर्गातील कार्डांच्या पुढच्या बाजूस हिंदी किंवा इंग्रजी शब्द होता आणि मागच्या बाजूस मराठी शब्द होता. म्हणजे महिनोन्‌महिने विद्यार्थ्याने एकच कृती केली: एका सुट्या शब्दावरून दुसरा सुटा शब्द आठवायचा. मराठी बोलताना ही कृती क्वचितच लागते. बोलताना ‘भिंत’ हा शब्द आठवून भागत नाही, तो स्त्रीलिंगी आहे आणि ‘वर’ जोडताना त्याचे ‘भिंती’ होते, हे त्याच क्षणी हाताशी असावे लागते.

मराठीच्या बाबतीत ही उणीव विशेष महाग पडते, कारण सामान्यरूप प्रत्येक वेळी नियमावरून काढता येत नाही. ‘भिंत’ आणि ‘वाट’ हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि दोन्ही अकारान्त आहेत, तरी एकाचे ‘भिंतीवर’ होते आणि दुसऱ्याचे ‘वाटेवर’. ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते, तर ‘जीभ’चे ‘जिभेवर’. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवत नाही, पण प्रौढ वयात भाषा शिकणाऱ्याला हे शब्दाबरोबरच लक्षात ठेवावे लागते. जे नियमात बसत नाही आणि शब्दागणिक पाठ करावे लागते, त्यासाठीच टप्प्याटप्प्याची उजळणी सर्वांत उपयोगी आहे. थोडक्यात, साधनाचे खरे सामर्थ्य जिथे कामी आले असते, नेमका तोच भाग कार्डांतून वगळला गेला होता.

पहिल्या भाषेचा परिणामही येथेच दिसतो. हिंदीत ‘घर’ एकवचनात विभक्तीपूर्वी बदलत नाही, ‘घर में’ असेच राहते. म्हणून हिंदी भाषकाला ‘घरमध्ये’ स्वाभाविक वाटते. भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगावरून बदलते हे त्याला हिंदीतून परिचित असते, पण ‘मैंने’च्या सवयीने तो ‘मीने’ म्हणतो. मराठीत ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ अशी विषम मांडणी असते. बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे बंगाली भाषकाला ‘लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिले’ हे तिन्ही प्रकार नव्याने घडवावे लागतात. तमिळ भाषकाला क्रियापद कर्त्याशी जुळवण्याची सवय असते, ते कर्माशी जुळते हीच कल्पना परकी वाटते. (मराठीच्या काही बोलींत ‘मी काम केलो’ अशी रचना सहज वापरली जाते. म्हणून शिक्षिका अशा वाक्याला ‘मराठीच नव्हे’ असे कधी म्हणत नसत. वर्गाचे लक्ष्य प्रमाण मराठी आहे एवढेच त्या सांगत, आणि ही काळजी मला महत्त्वाची वाटते.)

बदल असा केला. सुट्या शब्दांच्या जोड्या टप्प्याटप्प्याने काढून टाकल्या. नव्या कार्डाच्या पुढच्या बाजूस रिकामी जागा असलेले छोटे वाक्य आणि कंसात मूळ शब्द आला: ‘…… चित्र लावले आहे. (भिंत + वर)’. नाम प्रथम शिकवताना ते नेहमी ‘हा, ही, हे’ यांपैकी एकासह येऊ लागले: ‘ही वाट’, ‘हा रस्ता’, ‘हे घर’. भूतकाळाच्या कार्डांत कर्म तेवढे बदलत ठेवले, म्हणजे उत्तर क्रियापदाच्या रूपात द्यावे लागे. उत्तर मनात न म्हणता मोठ्याने उच्चारायचे आणि मगच कार्ड उलटायचे, हा नियम ठेवला.

एक अनपेक्षित अडचण संख्येची निघाली. आंकीत रोज २० नवी कार्डे ही मूळ मांडणी असते. वाक्याचे कार्ड शब्दाच्या कार्डापेक्षा बराच अधिक वेळ घेते आणि आज घेतलेले प्रत्येक नवे कार्ड पुढचे अनेक दिवस उजळणीसाठी परत येते. दोन-तीन दिवस चुकले की थकलेल्या कार्डांचा आकडा पाहूनच माणूस ॲप उघडणे टाळतो. वर्गातील दोघांनी नेमक्या याच कारणाने अभ्यास सोडत आणला होता. म्हणून नवी कार्डे रोज पाच-सहावर आणली. शिक्षिकेला सुरुवातीला हे प्रमाण फार कमी वाटले, पण पुढे ते बदलावेसे त्यांनाही वाटले नाही.

व्हॉइस टायपिंगची साक्ष

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग तीच आहे. विद्यार्थी ‘आज मला वेळ नाही’ असे फोनला सांगत, पडद्यावर ‘वेळ’ अचूक उमटे, आणि उच्चार बरोबर असल्याची त्यांची खात्री होई. प्रत्यक्षात अनेक हिंदी आणि बंगाली भाषक ‘वेल’ म्हणत होते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले तरी पडद्यावर ‘पाणी’च येत होते.

याचे कारण या यंत्रणेच्या घडणीत आहे. बोललेल्याचे लेखन करणारी प्रणाली फक्त ध्वनी ओळखत नाही, ‘आज मला … नाही’ या चौकटीत कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचाही ती अंदाज घेते. निरनिराळ्या लकबींचे, अस्पष्ट, गोंगाटातील बोलणेही समजून घेता यावे, यासाठीच ती घडवलेली असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेली व्हिस्पर ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवली गेली, ती याच हेतूने. वक्त्याची चूक पोटात घालून अर्थ लावणे हा श्रोता म्हणून तिचा मोठा गुण आहे. उच्चाराची परीक्षक म्हणून तोच तिला अपात्र ठरवतो.

वर्गात हे सर्वांसमक्ष पडताळून पाहिले. ‘वेळ–वेल’, ‘काळ–काल’, ‘माळ–माल’, ‘बाळ–बाल’ असे ळ आणि ल यांवरच अर्थ पालटणारे शब्द वाक्याविना, क्रम उलटसुलट करून, विद्यार्थ्यांनी फोनसमोर वाचले आणि तेच ध्वनिमुद्रण मराठी भाषक श्रोत्यांना ऐकवले. वाक्यात जे अचूक उमटत होते, ते सुट्या शब्दांत कोलमडले. त्याहून बोलके म्हणजे शिक्षिकेने स्वतः वाचलेले काही सुटे शब्दही फोनने चुकीचे लिहिले. म्हणजे यंत्राचा होकार जसा विश्वसनीय नव्हता, तसाच नकारही. तमिळ भाषकांना या चाचणीत काहीच अडचण आली नाही, कारण त्यांच्या भाषेत ळ आणि ण दोन्ही आहेत. इतके दिवस त्यांच्या आणि इतरांच्या पडद्यावर सारखेच निकाल दिसत होते.

व्हॉइस टायपिंग त्यानंतर बंद केले नाही, तर त्याचे काम बदलले. लेखनाचा मसुदा बोलून काढायचा आणि मग ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, शब्दरूपे स्वतः तपासायची, यासाठी ते चांगले उपयोगी पडले. उच्चाराच्या परीक्षेतून मात्र ते पूर्णपणे काढून घेतले.

उच्चाराआधी श्रवण

उच्चार सुधारायचा तर आधी तो कानाला वेगळा कळला पाहिजे. जपानी भाषकांना इंग्रजीतील र आणि ल यांतील भेद ऐकायला शिकवताना लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ साली अनेक वक्त्यांचे आवाज आणि शब्दातील निरनिराळी स्थाने वापरली होती. श्रोत्याला तो भेद एका आवाजापुरता न कळता एकूणच कळू लागावा, हा त्यामागचा विचार होता. त्याच धर्तीवर वर्गासाठी छोटा संग्रह तयार केला. वेगवेगळ्या वयाच्या मराठी भाषक स्त्री-पुरुषांनी आपापल्या फोनवर शब्द वाचून पाठवले. कार्डावर आवाज वाजे, विद्यार्थी ‘माळ’ की ‘माल’ ते सांगे आणि उत्तर लगेच कळे.

याच निमित्ताने च आणि ज यांचा प्रश्नही हाती घेतला गेला. ‘चाक’मधील च आणि ‘चिमणी’मधील च वेगळे आहेत, ‘जाळे’ आणि ‘जीव’ यांतील ज वेगळे आहेत, पण लिपी हा फरक दाखवत नाही. आधीच्या कार्डांवर यंत्राने तयार केलेला आवाज होता आणि त्यातील असे काही उच्चार चुकीचे निघाले. विद्यार्थी चुकीचा उच्चार निष्ठेने रोज ऐकत होते. असे सर्व ध्वनी माणसांच्या आवाजाने बदलले. आवाज देणाऱ्यांकडून तो फक्त या वर्गापुरता वापरण्याची परवानगी घेतली होती आणि सत्र संपल्यावर ज्यांनी सांगितले त्यांची मुद्रणे पुसली गेली.

आवाजी संदेश आणि शिक्षिकेचा वेळ

बोलण्याचा सराव बैठकीबाहेर व्हावा म्हणून विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा आवाजी संदेश पाठवायचा, असे ठरले. लिखित उत्तरावरून नजर फिरवता येते, पण दोन मिनिटांचे बोलणे ऐकायला दोन मिनिटेच लागतात आणि त्यावर काही सांगायला आणखी वेळ लागतो. पहिल्या पंधरवड्यातच शिक्षिकेच्या रात्री त्यात जाऊ लागल्या. डिजिटल साधनांमुळे शिक्षकाचे श्रम वाचतात असे गृहीत धरले जाते, ते येथे सरळसरळ उलटे ठरले. ही बाब अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते.

म्हणून मर्यादा घातल्या. संदेश एका मिनिटाचा असावा. प्रत्येक आठवड्याचे लक्ष्य एकच असावे, उदाहरणार्थ कर्माशी जुळणारे क्रियापद, आणि शिक्षिकेने त्याच लक्ष्यावर जास्तीत जास्त दोन सूचना द्याव्यात. इतर चुका त्या आठवड्यात जाऊ द्याव्यात. विद्यार्थ्याने सूचना ऐकून तोच मजकूर पुन्हा, आधीपेक्षा कमी वेळात सांगावा. सूचना कशी द्यायची यावरही विचार झाला. लिस्टर आणि रांटा यांनी फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे निरीक्षण करून १९९७ साली दाखवले की शिक्षक बहुतेक वेळा चुकीचे वाक्य स्वतःच दुरुस्त करून उच्चारतात आणि विद्यार्थ्याकडून त्याला प्रतिसाद मात्र सर्वांत कमी मिळतो. जिथे विद्यार्थ्यालाच रूप शोधायला लावले जाते, तिथे तो स्वतः दुरुस्ती करतो. म्हणून शिक्षिका ‘लिहिली’ असे न सांगता ‘मी चिठ्ठी…?’ एवढेच म्हणून थांबू लागल्या.

याच कारणाने एका विद्यार्थ्याने स्वतःहून सुरू केलेला चॅटबॉटशी गप्पांचा सराव जपून वापरावा लागला. तो चॅटबॉट ‘मीने चिठ्ठी लिहिला’ हे वाक्य बिनतक्रार समजून घेई, उत्तरात शुद्ध रूप वापरी आणि पुढे जाई. विद्यार्थ्याला गप्पा छान झाल्याचे समाधान मिळे आणि चूक तशीच राही. ‘माझे वाक्य चुकले तर थांबव, उत्तर सांगू नकोस, मलाच पुन्हा म्हणायला लाव’ अशी सूचना आरंभी दिल्यावर हा सराव बराच उपयोगी झाला, तरी काही वेळा बरोबर वाक्यालाही चूक म्हटले जात होते. म्हणून शंका आली की ती वर्गात आणायची, असा संकेत ठरला.

सत्राअखेरीस

शेवटच्या तोंडी चाचणीत मध्यसत्रासारखाच विषय दिला. कार्डांत आलेल्या शब्दांची सामान्यरूपे बोलण्यात लक्षणीयरीत्या स्थिरावली होती. ‘रस्त्यावर’, ‘भिंतीवर’, ‘घरात’ ही रूपे न अडखळता येत होती. मात्र कार्डांत न आलेल्या शब्दांवर हा लाभ पुरेसा पसरला नव्हता आणि नव्या स्त्रीलिंगी शब्दापाशी विद्यार्थी अजूनही थबकत होते. ‘मीने’ जवळजवळ नाहीसे झाले. ळ आणि ल यांतील भेद बहुतेकांना ऐकू येऊ लागला, पण बोलताना तो टिकवणे थोड्यांनाच जमले, आणि तेही सावकाश बोलताना.

क्रियापदाच्या लिंगाची जुळणी सर्वांत कमी सुधारली. रिकाम्या जागेच्या कार्डात अचूक उत्तर देणारा विद्यार्थी सलग बोलण्यात तीच चूक करत होता, आणि बंगाली भाषकांत हे अधिक दिसले. वाक्याचे कार्ड सुट्या शब्दाच्या कार्डापेक्षा बोलण्याच्या जवळ जाते हे खरे, पण कार्डात कर्म डोळ्यांपुढे लिहिलेले असते. बोलताना मात्र कर्म ठरवणे, त्याचे लिंग आठवणे आणि क्रियापद घडवणे हे सारे एका श्वासात करावे लागते. तिथवर कार्ड पोहोचत नाही.

एका विद्यार्थिनीचा अनुभव वेगळा नोंदवायला हवा. तिच्या घरी एकच स्मार्टफोन होता आणि शांत जागा नव्हती. त्यामुळे मोठ्याने उत्तर देण्याचा नियम आणि आवाजी संदेश या दोन्ही गोष्टी तिला अडचणीच्या ठरल्या. आधीची मुकी कार्डे तिला सोयीची होती. नव्या रचनेने वर्गाचे भले झाले, पण तिचा सराव घटला. शिक्षिकेने तिच्यासाठी बैठकीआधीची काही मिनिटे राखून ठेवली आणि तिचा संदेश त्या वेळात प्रत्यक्ष ऐकला.

पुढील सत्रासाठी तीन निर्णय झाले आहेत. नामांची कार्डे पहिल्या आठवड्यापासून लिंग आणि सामान्यरूप यांसह द्यायची. ळ आणि ण यांचा श्रवणसराव फक्त ज्यांना गरज आहे त्यांना द्यायचा. उजळणी आणि श्रवण ॲपकडे गेल्यामुळे बैठकीत मोकळा झालेला वेळ व्याकरणाच्या स्पष्टीकरणाला न देता जोडीने बोलण्याला द्यायचा: एकाने भूतकाळातील प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने तो लगेच तिसऱ्याला सांगायचा, म्हणजे ‘मी’, ‘तू’ आणि ‘त्याने’ यांची रूपे आळीपाळीने वापरावी लागतील. क्रियापदाच्या जुळणीवर याचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी सत्राच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस प्रत्येकाचे एक मिनिटाचे बोलणे मुद्रित केले जाईल आणि ते कोणत्या टप्प्यावरचे आहे हे न सांगता वर्गाबाहेरच्या मराठी भाषकांकडून ऐकून घेतले जाईल.